लोत्रेकची हाडं

एखाद्या कॅफेच्या भिंतीवर तुम्ही ते पोस्टर पाहिलं असेल. पाय उंच उडवून नाचणारी बाई, मागे काळ्या सावल्यांची गर्दी आणि वर लाल अक्षरांत मुलाँ रूज. १८९१ मध्ये ते पॅरिसभर लागलं आणि आंरी द तुलूझ-लोत्रेक हे नाव गाजलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. उंची जेमतेम पाच फूट.

जन्म १८६४ चा, दक्षिण फ्रान्समधल्या आल्बी गावात, सरदार घराण्यात. आईवडील सख्खी मावस भावंडं. (नात्यात लग्न आपल्याकडेही होतंच की!) वडील शिकार आणि घोड्यांचे वेडे. पोरगाही तसाच होणार, असं धरून चाललेले. पण १३ व्या वर्षी तो बुटक्या खुर्चीवरून उठताना पडला आणि डावी मांडी मोडली. पुढच्या वर्षी आईबरोबर फिरताना उथळ खड्ड्यात पडला, उजवी मोडली. विचार करा, नुसतं खुर्चीवरून उठताना! पुढे धड वाढलं, पाय फारसे वाढलेच नाहीत. अंथरुणात पडल्या पडल्या तो चित्रं काढत राहिला.

तुम्ही म्हणाल, कॅल्शियम कमी पडलं असणार. डॉक्टरांचा अंदाज नेमका उलटा आहे. हाड एकदा बांधलं की झालं, असं नसतं. काही पेशी जुनं हाड काढत असतात, काही नवं भरत असतात. जुन्या हाडातलं प्रथिन पचवायला कॅथेप्सिन के नावाचं एन्झाइम लागतं. आईवडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तर ते नीट बनत नाही. मग जुनं हाड साचत जातं. एक्सरेत दाट, पांढरंशुभ्र दिसतं आणि खडूसारखं मोडतं. आजाराचं नाव पिक्नोडायसोस्टोसिस.

मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी १९६२ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि तीनच वर्षांत लोत्रेकला तोच असावा, असं मांडलं. जनुक सापडलं १९९६ मध्ये. या आजारात टाळू भरत नाही, हनुवटी आत जाते. म्हणून त्याची टोपी आणि दाढीही पुराव्यात धरली गेली. टोपीचं मला ओढूनताणून वाटतं, तेव्हा पॅरिसात सगळेच टोपी घालायचे. हे निदान सगळ्या डॉक्टरांना पटलेलंही नाही.

दारूने मात्र त्याला पुरतं पोखरलं. १८९९ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, तर तिथे त्याने निव्वळ आठवणीतून सर्कशीची चित्रं काढली आणि आपलं डोकं ठिकाणावर असल्याचं दाखवून दिलं. दोन वर्षांनी, ९ सप्टेंबर १९०१ ला, आईच्या घरी तो गेला. वय ३६. त्याची चित्रं आईने आल्बीला दिली. १९२२ मध्ये तिथे त्याचं म्युझियम उघडलं.