शार्कच्या शिकारीचा ‘खरा’ सिनेमा बनवण्यासाठी त्याने आधी बेटावरच्या लोकांना शिकार शिकवली

उंच, सरळसोट कडा. खाली अटलांटिकच्या लाटा आपटतायत आणि कड्याच्या अगदी टोकावर एक शाळकरी पोरगा बसलाय. त्याच्याकडे काठी नाही, फक्त एक लांबलचक दोरी आणि तिच्या टोकाला गळ. असा गळ टाकून मासे पकडता पकडता त्याला खाली पाण्यात एक अजस्र सावली दिसते. शार्क!

हा सीन १९३४ साली आलेल्या ‘मॅन ऑफ अरान’ या सिनेमातला आहे. तो बनवणारा माणूस म्हणजे रॉबर्ट फ्लाहर्टी. माहितीपटाचा बाप म्हणून त्याचं नाव घेतलं जातं आणि माहितीपटात खोटेपणा आणल्याचा आरोपही सगळ्यात आधी त्याच्यावरच होतो.

फ्लाहर्टीचा जन्म १८८४ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. वडील खाणींच्या धंद्यात. त्यांच्याबरोबर लहानपणापासून कॅनडाच्या जंगलांत भटकंती झाली, शिक्षण मात्र अर्धवट राहिलं. पुढे तो हडसनच्या उपसागराकडे लोहखनिज शोधायला जायला लागला. १९१३ च्या मोहिमेत त्याने सोबत एक कॅमेरा नेला आणि इनुइट लोकांचं भरपूर शूटिंग केलं. तीन वर्षांनी टोरांटोमध्ये या फिल्मवर काम करताना त्याच्या हातातली सिगारेट पडली आणि सुमारे ३० हजार फूट निगेटिव्ह जळून गेली. दुसरा कोणी असता तर परत खाणीच्या कामाला लागला असता. हा गडी पुन्हा आर्क्टिकला गेला.

त्यातून १९२२ साली ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ आला आणि जगभर गाजला. पण पडद्यावरच्या नानूकचं खरं नाव अल्लाकारियाल्लाक होतं. त्याची सिनेमातली बायको त्याची बायको नव्हती. बर्फाच्या घरात उजेड पुरत नव्हता म्हणून अर्धंच घर बांधून शूटिंग केलं. इनुइट तेव्हा बंदुका वापरत होते, फ्लाहर्टीने मात्र त्यांना भाल्याने शिकार करायला लावली. लोक आज कसे जगतात यापेक्षा त्यांचे आजे-पणजे कसे जगत होते, हे त्याला दाखवायचं होतं. पुढे त्याने सामोआ बेटांवर ‘मोआना’ केला. १९२६ साली या सिनेमाबद्दल लिहिताना जॉन ग्रीअरसनने ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला आणि तो या प्रकाराला कायमचा चिकटला.

आता येऊ अरानकडे. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी ही तीन बेटं आहेत. चुनखडीचा नुसता कातळ. माती इतकी कमी की समुद्रातली शेवाळं आणि वाळू पाठीवरून वाहून आणायची, कातळावर पसरायची आणि त्यात बटाटे लावायचे. मासेमारी चालायची करॅक नावाच्या होड्यांतून, म्हणजे लाकडी सांगाड्यावर डांबर लावलेलं कापड ताणून केलेली हलकी होडी.

गोमाँ-ब्रिटिश कंपनीच्या मायकेल बालकनने पैसे दिले आणि फ्लाहर्टी कुटुंबासह इनिशमोर या सगळ्यात मोठ्या बेटावर राहायला आला. फिल्म धुण्याची सोय बेटावरच केली. मग त्याने एक कुटुंब ‘तयार’ केलं. बाप म्हणून कोलमन किंग, आई म्हणून मॅगी डिरेन आणि मुलगा म्हणून मायकेल डिलेन. तिघेही बेटावरचेच, पण एकमेकांचे कोणीच नाहीत.

खरी पंचाईत झाली शार्कमुळे. कोकणात मुशी किंवा मोरी म्हणून जो मासा ताटात येतो, त्याचाच हा महाकाय भाऊबंद, बास्किंग शार्क. पंचवीस फुटांच्या आसपास वाढतो, पण खातो पाण्यातले बारीक जीव. पूर्वी त्याच्या यकृताचं तेल दिव्यांसाठी वापरायचे. ही शिकार बेटावर कित्येक दशकं आधीच बंद पडली होती, भाला कसा मारायचा हेही कोणाला येत नव्हतं. पण फ्लाहर्टीला सीन हवाच होता. मग नवे भाले आले आणि बेटावरच्या लोकांना शिकार शिकवण्यात आली. शार्क वर्षातून ठरावीक काळच किनाऱ्याजवळ येतो. पहिल्या हंगामात मनासारखं काम झालं नाही, म्हणून दुसऱ्या हंगामाची वाट पाहावी लागली.

वादळाच्या सीनची गोष्ट तर अजूनच वेगळी. तीन माणसं करॅक घेऊन खवळलेल्या समुद्रातून किनाऱ्याकडे येतायत आणि फ्लाहर्टी जमिनीवरून लांब पल्ल्याच्या लेन्सने शूट करतोय. लाटा खऱ्या, होडी खरी, माणसंही खरी. जाळं वाचवताना मॅगीला लाट आडवी करते तो सीनही अभिनयाचा नाही. त्या पाण्यात कोणी बुडालं असतं तर फ्लाहर्टीकडे काय उत्तर होतं? या लोकांकडून आपण जे करून घेतलं, त्यासाठी आपल्याला गोळीच घालायला हवी होती, अशी कबुली त्याने नंतर दिल्याचं सांगतात. पण ही कबुली सिनेमा पूर्ण झाल्यानंतरची.

आवाज मात्र त्या किनाऱ्यावरचा नाही. कलाकारांना लंडनला नेऊन त्यांचे संवाद नंतर रेकॉर्ड केले गेले.

सिनेमाला १९३४ च्या व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट विदेशी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराला तेव्हा मुसोलिनीचं नाव होतं. टीकाही झाली. जगभर मंदी होती आणि सिनेमात गरिबीचं कारण फक्त समुद्र आणि कातळ, जमीनदार कुठेच नाही. हा आक्षेप खोट्या शिकारीच्या आक्षेपापेक्षा जास्त वजनदार आहे. शिकार निदान एकेकाळी होत तरी होती.

त्यानंतर फ्लाहर्टी थेट आपल्याकडे, म्हैसूरला आला. किपलिंगच्या कथेवरचा ‘एलिफंट बॉय’ करायला. त्यासाठी निवडलेला माहुताचा पोरगा साबू पुढे हॉलिवूडचा स्टार झाला. निर्मात्याने मात्र बराचसा भाग झोल्टन कोर्डाकडून इंग्लंडच्या स्टुडिओत शूट करून घेतला आणि १९३७ साली सिनेमा दोघांच्या नावावर आला. १९४८ चा ‘लुइझियाना स्टोरी’ हा त्याचा शेवटचा मोठा सिनेमा. त्याचे पैसे एका तेल कंपनीने दिले होते. २३ जुलै १९५१ रोजी व्हरमाँटमध्ये फ्लाहर्टी गेला.

१९७८ साली जॉर्ज स्टोनीने अरानवर जाऊन, हा सिनेमा कसा घडला यावरच एक माहितीपट केला. शूटिंगसाठी बांधलेलं गवती छपराचं घर इनिशमोरवर अजून उभं आहे आणि पर्यटक तिथे पैसे देऊन मुक्काम करतात.