विन्स्टन चर्चिल : सैनिकी विद्यालयाच्या दारी तीन वेळा

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा त्यांच्या पराक्रमापासून वाचू लागतो. बालपणाची चार पाने भराभर उलटली जातात. शिक्षकाची दृष्टी मात्र नेमकी त्याच पानांवर खिळते. विन्स्टन चर्चिल हे नाव आपल्या देशात प्रेमाने घेतले जात नाही, आणि त्यास सबळ कारणे आहेत. त्यांचा उल्लेख पुढे येईलच. तथापि आपल्या ज्ञातीतील अनेक मुले आज सैन्यात अधिकारी होण्याची उमेद बाळगून आहेत, आणि बारावी जवळ आली म्हणजे त्यांचे पालक कोणता क्लास लावावा याची चौकशी करू लागतात. अशा पालकांस चर्चिल यांच्या विद्यार्थिदशेची हकीकत उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून ती येथे सादर करीत आहे.

चर्चिल यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधील ब्लेनहाइम येथील राजवाड्यात झाला. वडील लॉर्ड रँडॉल्फ हे पार्लमेंटातील नामांकित पुढारी. आई जेनी ही अमेरिकन. घरात कशाची उणीव नव्हती. उणीव होती ती आईबापांच्या सहवासाची. वडील राजकारणात आणि आई उच्चभ्रू समाजाच्या मेजवान्यांत गुंतलेली. मुलास माया मिळाली ती मिसेस एव्हरेस्ट नावाच्या दाईकडून. वयाच्या आठव्या वर्षी त्याला निवासी शाळेत घालण्यात आले. तेथून तो घरी पत्रे लिही आणि आईबापांनी भेटीस यावे म्हणून विनवी. परंतु ती क्वचितच येत.

इ. स. १८८८ मध्ये तो हॅरोच्या प्रसिद्ध शाळेत दाखल झाला. प्रवेशपरीक्षेच्या लॅटिनच्या उत्तरपत्रिकेवर आपले नाव, एक आकडा व शाईचा डाग यांखेरीज आपण काही उमटविले नव्हते, असे त्यांनीच पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. साहजिकच त्याला सर्वांत खालच्या वर्गात बसविण्यात आले. हुशार मुले लॅटिन व ग्रीक शिकू लागली. या मंद समजल्या गेलेल्या मुलांच्या वाट्यास केवळ इंग्रजी आले. परंतु ते शिकविणारे सॉमरवेल नावाचे शिक्षक मोठे कसबी होते. लांबलचक वाक्य घ्यावे, आणि त्यातील कर्ता, क्रियापद, कर्म व उपवाक्ये निरनिराळ्या रंगांच्या शाईने वेगळी करून दाखवावी, अशी त्यांची रीत होती. आपण ज्यास वाक्यपृथक्करण म्हणतो, तेच हे. खालच्या वर्गात अधिक काळ रखडल्यामुळे विन्स्टनला हा अभ्यास इतरांच्या तिप्पट घडला. त्याचे फळ काय आले, ते पुढे दिसेल.

सैन्यात जाण्याचा निर्णय कसा झाला, तेही मनोरंजक आहे. विन्स्टनजवळ सुमारे दीड हजार शिशाचे सैनिक होते. एके दिवशी वडील खोलीत आले, मांडलेली फौज त्यांनी सुमारे वीस मिनिटे न्याहाळली, आणि सैन्यात जाण्याची इच्छा आहे काय, असे विचारले. मुलाने तत्काळ होकार दिला. वडिलांनी आपल्या अंगचा सेनापती ओळखला, अशी त्याची अनेक वर्षे समजूत होती. वस्तुतः हा मुलगा वकिलीची परीक्षा देण्याइतका बुद्धिमान नाही, असे वडिलांचे मत झाले होते, हे त्याला फार मागाहून कळले.

इ. स. १८८९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याला हॅरोतील सैन्यवर्गात घालण्यात आले. सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची तयारी या वर्गात करून घेत. म्हणजे आपल्याकडील नववीच्या वयातच मार्ग निश्चित झाला होता आणि साधनही हाताशी होते. १८९० च्या अखेरीस झालेल्या प्राथमिक परीक्षेत तो पहिल्याच वेळी उत्तीर्ण झाला. नकाशा कोणत्या देशाचा विचारतील हे ठाऊक नसल्याने त्याने आदल्या रात्री देशांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून एक उचलली. न्यूझीलंड निघाले; त्याचाच नकाशा त्याने पाठ केला, आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आला! असे दैव आयुष्यात एखादेच वेळी साहाय्यास येते. या यशाने मुलगा निर्धास्त झाला, असे मला वाटते.

कारण पुढची परीक्षा चिठ्ठीने सुटणारी नव्हती. गणित, लॅटिन व इंग्रजी हे मुख्य विषय. त्यांना त्याने फ्रेंच व रसायन यांची जोड दिली. इंग्रजीची चिंता नव्हती. लॅटिनचा त्याला तिटकारा, आणि गणिताचा पाया तर खालच्या वर्गांपासूनच कच्चा. जुलै १८९२ मध्ये तो पहिल्यांदा बसला आणि नापास झाला. गणितात अडीच हजारांपैकी केवळ पाचशे गुण मिळाले. मग हॅरोतील मेयो नावाच्या गणितशिक्षकांनी त्याला हाताशी धरले. अवघ्या काही महिन्यांत त्याने गणितात दोन हजारांच्या आसपास मजल मारली. तरीही नोव्हेंबरच्या परीक्षेत एकंदर गुण कमीच पडले, आणि तो पुन्हा नापास झाला.

आता वडिलांनी त्याला लंडनमधील कॅप्टन जेम्स यांच्या वर्गात पाठविण्याचे ठरविले. कोणते प्रश्न येतील याचे अचूक अंदाज बांधून मुलांना परीक्षेपार नेणारा तो विख्यात क्लास होता. परंतु जानेवारी १८९३ मध्ये, पाठलागाच्या खेळात भावंडांच्या हाती सापडू नये म्हणून विन्स्टनने एका पुलावरून खाली उडी घेतली. तो सुमारे एकोणतीस फूट खाली कोसळला, त्याच्या मूत्रपिंडास इजा झाली आणि तो तीन दिवस बेशुद्ध होता. पुढील कित्येक आठवडे अंथरुणात गेले. अखेर जूनमध्ये तिसऱ्या प्रयत्नात तो उत्तीर्ण झाला. क्रमांक मात्र पंचाण्णवावा. पायदळापुरते गुण न भरल्याने घोडदळात जागा मिळाली. घोडदळाचा खर्च जबर असल्यामुळे तेथे इच्छुक कमी व गुणांची अट सैल असे.

आनंदाने त्याने वडिलांना कळविले. उलट टपाली अभिनंदन आले नाही. कठोर शब्दांत वडिलांनी त्याच्या आळसाचा व उडाणटप्पूपणाचा पाढा वाचला, आणि असाच वागलास तर आयुष्य फुकट घालविशील, अशी तंबी दिली. अठरा वर्षांच्या मुलाच्या मनावर या पत्राचा घाव किती खोल बसला असेल, याची कल्पना प्रत्येक बापाने करावी.

सँडहर्स्टमध्ये मात्र हाच विद्यार्थी पालटला. तेथे लॅटिन नव्हते. डावपेच, तटबंदी, नकाशे काढणे, लष्करी कायदा व कारभार असे त्याच्या आवडीचे विषय होते. इ. स. १८९४ च्या अखेरीस तो पहिल्या विसांत उत्तीर्ण झाला. आपली लायकी वडिलांना पटवून देण्याची संधी आता आली, असे त्याला वाटत असतानाच २४ जानेवारी १८९५ रोजी लॉर्ड रँडॉल्फ निवर्तले. मुलाला अधिकारपदाची सनद मिळाली ती त्यानंतर महिन्याभराने. बाप-लेकांचे मोकळे बोलणे राहून गेले ते कायमचेच.

पुढील वर्षी चर्चिल आपल्या पलटणीबरोबर मुंबईस उतरले. ससून डॉकवर होडीतून पायऱ्यांवर येताना लोखंडी कडी धरली असता त्यांचा खांदा निखळला, व ते दुखणे जन्मभर पुरले. तेथून पुण्याच्या छावणीवरून ते बंगळूरला गेले. तेथे आपले शिक्षण अपुरे असल्याची टोचणी त्यांना लागली. इतर अधिकारी दुपारी विश्रांती घेत, तेव्हा हा तरुण आईने पाठविलेले गिबन व मेकॉले यांचे ग्रंथ रोज चार-पाच तास वाचीत बसे. शाळेत जे करावयाचे राहिले, ते बाविसाव्या वर्षी भरून काढावे लागले.

पुढील चरित्र सर्वांस विदित आहे. वायव्य सरहद्द, सुदान व दक्षिण आफ्रिका येथील मोहिमा, १९०० मध्ये पार्लमेंटात प्रवेश, १९४० मध्ये पंतप्रधानपद आणि हिटलरविरुद्धचा झगडा, १९५३ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक. याच पुरुषाने हिंदुस्थानच्या स्वराज्यास अखेरपर्यंत विरोध केला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली, तेव्हाचे त्यांच्या सरकारचे वर्तन आपण विसरू शकत नाही. २४ जानेवारी १९६५ रोजी, वडिलांच्याच मृत्युतिथीस, त्यांचे निधन झाले.

आता या हकीकतीचे सार. सहा महिन्यांत घोकलेले गणित परीक्षा संपताच ज्वर उतरावा तसे उतरून गेले, अशी कबुली चर्चिल यांनीच दिली आहे. उलट तेराव्या-चौदाव्या वर्षी रंगीत शाईने शिकलेली वाक्यरचना जन्मभर टिकली. तिच्याच बळावर त्यांनी १९४० मध्ये एका राष्ट्राचे धैर्य सावरले. जे लवकर आणि सावकाश शिकले ते राहिले. जे उशिरा आणि घाईने शिकले ते गेले.

आपल्या मुलांपुढील परीक्षाही याहून फार वेगळी नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेत गणितास ३०० आणि सामान्य क्षमतेस ६०० गुण असतात. त्या ६०० पैकी २०० इंग्रजीचे. त्यानंतरची निवड मंडळाची मुलाखत ९०० गुणांची. तेथे मुलाचे बोलणे, धीटपणा व चार जणांत मिसळण्याची सवय पाहिली जाते. या गोष्टी बारावीच्या सुट्टीत अंगी येत नाहीत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे. दहावीनंतरच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय संस्था १९७७ पासून आहे. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही शिकत आहेत, तेव्हा ही गोष्ट लेकींच्या आईबापांसही लागू आहे. जेथे या शाळा लाभत नाहीत, तेथे आठवीपासून रोज एक तास गणित, अर्धा तास इंग्रजी वाचन आणि पहाटे मैदानावर धावणे, एवढे तरी घरोघर व्हावे.

आणि मुलगा एकदा, दोनदा नापास झाला तर? लॉर्ड रँडॉल्फ यांचे पत्र आठवावे, आणि तसे पत्र आपल्या हातून लिहिले जाऊ नये. ज्याला त्यांनी वाया गेलेला मानले, तोच पुढे इंग्लंडचा कर्णधार झाला; ते पाहण्यास बाप उरला नव्हता. आपल्या ज्ञातीतील मुलांच्या वाट्यास वेळीच अभ्यास आणि वेळीच शाबासकी, दोन्ही येवोत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.