जोतीरावांचे एक मत आणि आमचे मत

पालिकेच्या निवडणुका आल्या की आमच्या वस्त्यांत उमेदवारांची वर्दळ वाढते. नळ, गटार, संडास, रस्त्यावरचा दिवा, सगळ्यांची आश्वासने मिळतात. निवडून गेल्यावर हाच माणूस सभागृहात कोणत्या खर्चाला हात वर करतो, हे मात्र आम्ही कधी विचारत नाही. ते विचारायला शिकायचे असेल तर महात्मा जोतीराव फुले यांचे नगरपालिकेतील दिवस आठवले पाहिजेत. त्यांच्या शाळांविषयी आम्ही भरभरून बोलतो, पण नगरपालिकेचे सदस्य जोतीराव आम्हाला फारसे ठाऊक नाहीत.

11 एप्रिल 1827 रोजी माळी कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढे अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडल्या. 1868 मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी ही सोय आहे की हक्क, याचा निकाल त्यांनी आधी स्वतःच्या अंगणात लावला आणि मग ते नगरपालिकेत गेले. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. 1877 च्या दुष्काळात या समाजाने धनकवडीला भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले.

1876 मध्ये सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमले. म्हणजे ते आमच्यासारख्यांच्या मतांवर निवडून आले नव्हते. नेमणारे सरकार खूश ठेवावे आणि मानाची खुर्ची सांभाळावी, असा तो काळ. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. सरकारशी गोड राहण्यात त्यांचा फायदाच होता. तरीही 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हा विरोधात मत देणारे जोतीराव एकटेच निघाले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव त्यांच्या विरोधामुळे अडला नाही. पण पैसा कुणाचा आणि खर्च कुणासाठी, हा प्रश्न नोंदला गेला.

त्याच वर्षी शहरात दारूची दुकाने वाढवण्याविरुद्ध त्यांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. लोकांच्या आरोग्यासाठी खर्च करणारी नगरपालिका आरोग्य बिघडवणाऱ्या दुकानांकडे काणाडोळा कशी करते, हा त्यांचा आक्षेप होता. मोठी मंडई बांधण्याचा बेत झाला तेव्हाही त्यांनी शिक्षणाचा प्रश्न आधी मांडला. मंडई झालीच, 1886 मध्ये तिचे उद्घाटनही झाले. आज तिलाच महात्मा फुले मंडई म्हणतात! नाव दिले म्हणजे विचार स्वीकारला असे होत नाही, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला. शहरातील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, पण कारभार संपूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, असे त्यांनी सुचवले. सभागृहात कोण बसतात आणि कुणाच्या मुलांना विसरतात, हे त्यांनी आतून पाहिले होते. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले.

नगरपालिकेचा ठराव आणि माणसाच्या ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे पुढे महाडने दाखवले. तिथल्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तळे कागदावरच खुले राहिले. म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना आपल्या लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले.

आज 2013 चा कायदा हाताने मैला साफ करायला लावण्यास बंदी करतो, तरी गटारात माणसे गुदमरून मरतात. सुशोभीकरण मात्र थांबत नाही. म्हणून दारात येणाऱ्या उमेदवाराला आम्ही विचारले पाहिजे: जोतीरावांच्या फोटोला हार घालतोस, पण सभागृहात एकटा पडलास तर आमच्या बाजूने मत देशील का? जोतीरावांना आमच्या मताचा आधार नव्हता, तरी ते उभे राहिले. आमच्याकडे बाबासाहेबांनी मिळवून दिलेले मत आहे. ते हार पाहून द्यायचे की हिशेब पाहून, हे आम्हीच ठरवायचे आहे.