सागरतळाचे शोधक सर जॉन मरे

रत्नागिरीच्या विद्यार्थ्यास शिंपला म्हणजे काय हें सांगावयास नको. भाट्याच्या वाळूंत, काळबादेवीच्या पुळणीवर तो पायाखालीं येतो, आणि तिसऱ्यांच्या निमित्तानें घरांतही येतो. पूर्वीं कोंकणांत हेच शिंपले भट्टींत भाजून चुना करीत. शंभर शेर शुद्ध शिंपले भाजले असतां छप्पन शेर चुना उरतो व चव्वेचाळीस शेर वजनाचा वायु उडून जातो, असें रसायनशास्त्र सांगतें. हा कर्बाम्ल वायु. हल्लींचीं पुस्तकें ह्यासच कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात. त्यांतील कर्ब शिंपल्यांत आला तो समुद्राच्या पाण्यांतून. पाण्यांत विरघळलेला कर्ब चुन्याशीं जोडून लहानमोठे जीव आपलें घर बांधतात. जीव मेल्यावर त्या घराचें काय होतें, हा प्रश्न ज्या पुरुषानें वर्षानुवर्षें धरून ठेविला, त्याचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन मरे यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजीं कॅनडांतील कोबर्ग या गांवीं झाला. आईबाप स्कॉटलंड सोडून तेथें जाऊन राहिलेले. सतराव्या वर्षीं मरे स्कॉटलंडांत आजोळीं आले, व पुढें एडिंबरोच्या विश्वविद्यालयांत शिकूं लागले. जो विषय मनास रुचे त्याच्या व्याख्यानांस ते जात, परंतु परीक्षेस बसत नसत. पदवी न घेतांच त्यांनीं विद्यालय सोडलें. (हा भाग आमच्या विद्यार्थ्यांनीं अनुकरणासाठीं निवडूं नये, पालकांस उत्तर देणें आम्हांस जड जाईल.) १८६८ सालीं देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावर ते वैद्य म्हणून चढले, आणि सात महिने उत्तरेच्या बर्फाळ समुद्रांत काढून परत आले.

१८७२ मध्यें ब्रिटिश आरमारानें चॅलेंजर नांवाचें जहाज महासागरांच्या तपासणीसाठीं सज्ज केलें. शास्त्रज्ञांचे प्रमुख वायव्हिल थॉमसन हे होते. निवडलेल्यांपैकीं एक गृहस्थ ऐन वेळीं गळाले व ती जागा मरे यांस मिळाली. डिसेंबरांत निघालेलें जहाज मे १८७६ मध्यें परतलें. तेवढ्या अवधींत ६८,८९० सागरी मैलांचा प्रवास झाला, आणि ३६२ ठिकाणीं दोर सोडून खोली, पाणी, गाळ व जीव यांची पाहणी झाली. पॅसिफिक महासागरांत एके ठिकाणीं ४,४७५ वांव दोर सुटला. वांवांनीं खोली मोजणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरील खलाशांस या आंकड्याचा अर्थ आमच्यापेक्षां लवकर कळेल.

पुष्कळ ठिकाणीं तळाहून पांढुरका, मऊ चिखल वर येई. सूक्ष्मदर्शकाखालीं धरतांच तो बारीक कवचांचा ढीग आहे असें दिसे. ग्लोबिजरिना नांवाच्या, वाळूच्या कणाएवढ्या जीवांचीं तीं कवचें. हे जीव राहतात कोठें? तळाशींच, असें थॉमसन यांचें मत होतें. मरे यांनीं बारीक विणीचीं जाळीं घेतलीं आणि तीं पृष्ठभागाजवळून, मग थोडें खालून, मग आणखी खालून ओढलीं. जिवंत ग्लोबिजरिना वरच्या पाण्यांत भरपूर सांपडल्या; तळच्या चिखलांत होतीं तीं रिकामीं घरें. थॉमसन यांनीं आपलें मत सोडून दिलें. हाताखालच्या मनुष्यापुढें प्रमुखानें चूक कबूल करावी, ही गोष्ट त्या काळींही नित्य घडणारी नव्हती.

म्हणजे समुद्रांत कवचांचा हा पाऊस अखंड पडत असतो. परंतु लगेच दुसरें कोडें पुढें आलें. सुमारे २,५०० वांवांच्या पलीकडे जेथें तळ गेला, तेथें पांढरा चिखल नाहींसा होऊन तांबडी माती लागूं लागली. वर जीव तेच, पाऊस तोच. मग कवचें गेलीं कोठें? तीं पडतां पडतां, व तळाशीं पडून राहिल्यावर, विरघळतात, असें मरे यांचें उत्तर होतें. मेलेले जीव कुजले म्हणजे कर्बाम्ल वायु निघतो; तो खोल पाण्यांत सांठतो, आणि तसलें पाणी चुन्यास खातें. थंडी व दाब यांचेंही साह्य होतें. प्रयोगशाळेंत शिंपल्यावर सौम्य आम्ल घातलें म्हणजे तो फसफसतो, आणि निघालेला वायु चुन्याच्या निवळींत सोडला म्हणजे ती पांढरी होते, हें आमच्या वरच्या वर्गांनीं पाहिलें आहे. सागरतळाशीं चालतें तें याच जातीचें काम, मात्र अति मंद गतीनें. हवेंतून पाण्यांत, पाण्यांतून जीवांत, जीवांतून तळाशीं व तेथून पुन्हां पाण्यांत, असें हें कर्बाचें रहाटगाडगें आहे. सगळीं गाडगीं मरे यांनीं मोजलीं असें नव्हे; पाण्यांतील कर्बाम्ल जहाजावर ब्यूकॅनन नांवाचे रसायनवेत्ते मोजीत असत, व पुष्कळ काम पुढील पिढ्यांनीं केलें. रहाटाचा तळचा फेरा मात्र मरे यांनीं दाखविला.

१८८२ मध्यें थॉमसन वारले आणि वृत्तांत छापण्याचें ओझें मरे यांजवर पडलें. १८९५ पर्यंत पन्नास जाडजूड ग्रंथ निघाले. सरकारी तिजोरीनें हात आंखडला तेव्हां त्यांनीं पदरचा पैसा घातला. मध्यंतरीं जावाच्या दक्षिणेकडील ख्रिसमस बेटाचा एक खडक तपासतां तो खतास उपयोगी अशा फॉस्फेटचा निघाला. १८८८ मध्यें तें बेट इंग्रजांनीं घेतलें व मरे यांनीं तेथें कंपनी काढली. या बेटापासून सरकारास मिळालेलें उत्पन्न चॅलेंजरच्या सर्व खर्चाहून अधिक झालें, असा हिशेब ते समाधानानें मांडीत. खाणीच्या आरंभींच्या वर्षांत बेरीबेरीनें मेलेल्या चिनी मजुरांचा आंकडा त्या हिशेबांत नसे, हेंही आम्हांस येथें लिहिलें पाहिजे.

पुढें त्यांनीं स्कॉटलंडचीं ५६२ सरोवरें मोजविलीं. या कामांतील त्यांचा तरुण सोबती फ्रेडरिक पुलर १९०१ सालीं, बर्फ फुटून बुडणाऱ्यांस वांचवितांना स्वतः बुडाला. त्याच्या पित्यानें द्रव्य देऊन काम पुढें चालविलें.

१६ मार्च १९१४ रोजीं एडिंबरोजवळ मोटार उलटून मरे यांचा अंत झाला. आमचा अरबी समुद्र चॅलेंजरनें पाहिलाच नव्हता. ती उणीव मरे यांनीं मागें ठेवलेल्या पैशानें भरून काढिली. त्या द्रव्यांतून १९३३-३४ मध्यें माबाहिस हें इजिप्तचें जहाज या समुद्रांत फिरलें. प्रमुख सेवेल हे पूर्वीं हिंदुस्थानच्या प्राणिशास्त्रीय पाहणी खात्याचे संचालक होते. येथें मधल्या खोलीवर प्राणवायु जवळजवळ नाहीं, आणि कांहीं ठिकाणीं तर तळच्या चिखलांत प्राणी मुळींच नाहींत, असें त्यांस आढळलें. उत्तरेकडे पाण्याखालीं डोंगराची एक रांग सांपडली; तिला मरे यांचेंच नांव आहे.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत हें खालचें थंड पाणी पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढून येतें. त्यांत प्राणवायु कमी व कर्बाम्ल अधिक. म्हणून पुष्कळ कर्बाम्ल वायु हवेंत सुटतो. उलट त्याच पाण्यांतील क्षारांवर सूक्ष्म वनस्पति पोसतात व कांहीं कर्ब परत ओढून घेतात. ह्या देण्याघेण्याचा हिशेब गोव्यांत दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था करीत असते. ती १९६६ मध्यें स्थापन झाली. दरम्यान मनुष्य कोळसा व तेल जाळून जो कर्बाम्ल वायु हवेंत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटांत घेतो. त्यामुळें जगांतील समुद्रांचें वरचें पाणी अधिकाधिक आम्लतेकडे झुकत आहे, आणि मरे यांनीं इतक्या खोलीवर पाहिलेली कवचें खाण्याची क्रिया वर सरकत आहे. आमच्या तिसऱ्यांस तें पाणी कितपत सोसेल, हें ठरविणें सोपें नाहीं. खाडींत पावसाळ्यांत नदीचें गोडें पाणी मिसळतें, आणि तेथील हिशेब भरती-ओहोटीबरोबरही बदलतो. काजळी नदीच्या मुखाशीं भरतीची एक व ओहोटीची एक अशा दोन बाटल्या भरून येत्या भाद्रपदांत प्रयोगशाळेंत आणण्याचा आमचा विचार आहे.