रेव्हरंड टिळक आणि साताऱ्यातील ‘देवाचा दरबार’

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरत राहते: कोण गेला आणि त्याला कोणी नेले. जो गेला त्याच्या मनाचे पुढे काय झाले, नव्या घरातही त्याला शंकांनी गाठले की नाही आणि जुन्या घरातून बरोबर आलेल्या संस्कारांची त्याने कोणती व्यवस्था लावली, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक माणसाच्या दृष्टीने तोच सर्वांत अवघड असतो. धर्म बदलणे हे एका दिवसाचे काम असू शकेल. पण बालपणी कानांवर पडलेले अभंग, आईच्या देवघरातील समई आणि प्रौढपणी बुद्धीने स्वीकारलेले सत्य यांचा मेळ घालण्यास आयुष्यही अपुरे पडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यात जो प्रयोग आरंभिला त्याचे स्मरण मात्र फारसे कोणी ठेवलेले नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने अतिशय कडक होते. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची ओढ असलेली होती. नारायणाचा सारा ओढा आईकडे होता. ती अकाली गेली तेव्हा तो अजून लहानच होता. पण तिच्यामागे त्या घरात राहणे त्याला अशक्य झाले. त्याने घर सोडले आणि नाशिकचा रस्ता धरला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन घडले, थोडे इंग्रजीही पदरात पडले. जालालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना पत्नी म्हणून मिळाली. पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने मराठी वाङ्मयात अमर झालेल्या त्या विवाहाच्या वेळी अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

यानंतरची पंधरा वर्षे भ्रमंतीची आहेत. कोठे शिक्षक, कोठे पुराणिक, कोठे कीर्तनकार अशी कामे टिळकांनी केली. एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम त्यांच्याकडे आले आणि ‘ऋषि’ हे मासिकही त्यांनी चालविले. या अभ्यासाने त्यांची श्रद्धा दृढ होण्याऐवजी तिच्यापुढे प्रश्नच अधिक उभे राहिले. जातिभेद ईश्वरनिर्मित कसा, मूर्तीची आवश्यकता काय, शास्त्राने सांगितले एवढ्यावरून एखादी गोष्ट सत्य ठरते काय, या शंका त्यांना स्वस्थ बसू देईनात. आपणच एखादा नवा धर्म मांडावा, असाही विचार एका काळी त्यांच्या मनात घोळत होता.

अशा शंका त्या पिढीत एकट्या टिळकांना छळत होत्या असे नाही. त्यांच्याहून पाच वर्षांनी वडील असलेले गोपाळ गणेश आगरकर सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. तेही ब्राह्मण कुटुंबात आणि दारिद्र्यात वाढले; त्यांनीही परंपरेला तेच प्रश्न विचारले. मिल् व स्पेन्सर यांच्या वाचनाने आगरकरांना अज्ञेयवादाकडे नेले. परलोकाविषयी माणसाला काही कळत नाही, म्हणून इहलोकातील न्याय आणि बुद्धिप्रामाण्य यांवरच नीतीची उभारणी झाली पाहिजे, हे मत त्यांनी १८८८ साली सुरू केलेल्या ‘सुधारका’तून निर्भयपणे मांडले, आणि त्याबद्दल जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. घरात मात्र पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांना त्यांनी कधी मज्जाव केला नाही. १७ जून १८९५ रोजी आगरकर निवर्तले. त्याच वर्षी, चारच महिने आधी, १० फेब्रुवारीस टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. एकाच रोगाचे निदान करणाऱ्या या दोघांनी उपाय मात्र अगदी भिन्न निवडले. आगरकरांना देवावाचून चालत होते. टिळकांना ते कदापि चालले नसते.

टिळकांच्या धर्मांतराला कारण झालेली घटना साधी आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर सुरू झालेले संभाषण धर्मावर आले आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली. टिळकांनी ती टीकाकाराच्या दृष्टीने वाचावयास घेतली. परंतु येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवरही प्रेम करावयास सांगणारी ती शिकवण आणि ती आचरून दाखविणारी व्यक्ती यांनी त्यांचे मन जिंकले. त्यानंतरही दोन वर्षे ते आपल्याशी झगडत राहिले. त्यांना पुढे काय सोसावे लागणार आहे, याची पुरी जाणीव त्यांना होती.

आणि ते सोसावे लागलेच. धर्म बदलला म्हणून कोणाचा वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा सरकारने १८५० सालीच केला होता; पण घरातल्या माणसांची माया शाबूत ठेवील असा कायदा कोणत्याच सरकारला करता येत नाही. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी पंढरपुरात व अन्यत्र नातलगांच्या आधाराने वर्षे काढली. अखेर त्या पतीकडे परतल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच; एकाच छपराखाली दोन चुली पेटू लागल्या. टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळे-ओवळे त्यांच्या स्वतःच्या विचाराने आणि अनुभवाने गळून पडले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या पाच वर्षांची कहाणी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात कोणत्याही कडवटपणावाचून आली आहे.

अहमदनगर हे यानंतर टिळकांचे कार्यक्षेत्र झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात ते शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांच्या घरात दुष्काळाने अनाथ झालेली मुले वाढली. बालकवी ठोमरे हे त्याच घरात कुटुंबातल्या मुलासारखे राहिले. कवितेच्या नात्याने आलेल्या या तरुणाने ख्रिस्ती व्हावे अशी अट त्या घराने कधी घातली नाही आणि बालकवी ख्रिस्ती झालेही नाहीत. धर्मप्रसार हेच ज्याचे विहित कार्य त्या पाळकाच्या घरातील ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

परंतु प्रश्न विचारण्याची सवय टिळकांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडली नव्हती. नव्या घरातील उणिवाही त्यांना दिसू लागल्या. येथील ख्रिस्ती माणसाने साहेबी पोशाख का करावा, परकी चालींवर का गावे, परदेशातून येणाऱ्या पगारावर धर्मसेवा का चालावी, असे ते विचारू लागले. त्यांनी ख्रिस्ती मंदिरात कीर्तन आणले, टाळ-मृदंग आणला, अभंग-ओवीतून प्रार्थना रचल्या. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. जुन्या करारात यहुदी लोकांसाठी जे स्थान आहे, ते महाराष्ट्रासाठी संतवाङ्मयाचे आहे, या विचारापर्यंत ते आले. हा विचार अगदीच अपूर्व होता असे नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले होते. टिळकांच्याच वर्षी जन्मलेले बंगालमधील ब्रह्मबांधव उपाध्याय हे कॅथलिक झाल्यावरही स्वतःला हिंदू म्हणवीत. वेदान्ताच्या भाषेत कॅथलिक तत्त्वज्ञान मांडण्याच्या त्यांच्या प्रयत्नास धर्माधिकाऱ्यांचा विरोध झाला आणि १९०७ साली त्यांचा अंत झाला तेव्हा त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे, त्यामुळे त्यांना अधिक मोकळीक होती. पण ज्या भिंतीवर उपाध्यायांनी डोके आपटले, तिची सावली टिळकांच्या वाटेवरही पडलेली होती.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारी सेवेचा राजीनामा दिला आणि ते साताऱ्यास राहू लागले. त्या काळच्या सातारा जिल्ह्याचा विस्तार आजच्या सांगलीच्या बऱ्याच मुलखापर्यंत पोहोचत होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. एका बाजूला रामदासांचा सज्जनगड, दुसऱ्या बाजूला कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुली, शहरात छत्रपतींच्या गादीच्या आठवणी आणि त्यांच्याच शेजारी अमेरिकन मिशनचे जुने ठाणे, अशा या भूमीत पंचावन्न वर्षे उलटलेल्या या कवीने संन्याशाची वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या सर्वांचे हे एक कुटुंब असावे, ही त्यामागील कल्पना. ज्याला जात सोडवत नाही, आप्तांपासून तुटणे साहवत नाही, किंवा ज्याच्या शंका अद्याप फिटलेल्या नाहीत, त्यालाही या दरबारात बसण्याची मुभा होती.

या कल्पनेचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. स्वतः टिळकांनी बाप्तिस्म्याची पुरी किंमत मोजली होती. काही वर्षे बायको-मुलाचा वियोग सोसलेल्या माणसाने इतरांनीही तेवढेच सोसावे असा हट्ट धरला असता, तर ते मनुष्यस्वभावाला धरून झाले असते. टिळकांनी नेमके उलट केले. आपल्या वाट्याला आलेली ताटातूट दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये यासाठी त्यांनी दार रुंद केले. या निर्णयामागे लक्ष्मीबाईंच्या त्या दोन चुलींचा अनुभव नसेल, असे म्हणवत नाही.

आक्षेप घेणारे दोन्ही बाजूंना होते आणि त्यांच्या आक्षेपांत तथ्यही होते. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व मान्य केले तर मंडळीला अर्थ काय उरला, जे उघडपणे बहिष्कार सोसून ख्रिस्ती झाले त्यांच्या त्यागाचे मोल काय, असा प्रश्न ख्रिस्ती समाजातून येणे स्वाभाविक होते. उलट, भगव्या वस्त्रातील आणि अभंगाच्या चालीवरील हा ख्रिस्त म्हणजे धर्मांतराचीच नवी युक्ती, असा संशय हिंदू समाजाला येणेही अस्वाभाविक नव्हते. टिळक सर्व धर्म सारखेच मानीत होते, असेही कोणी समजू नये. ख्रिस्तावरील त्यांची निष्ठा अखेरपर्यंत अढळ होती. तिच्यासाठी तुकोबांना नाकारावे लागते, एवढेच त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करण्यासाठी आपली श्रद्धा पातळ करावी लागत नाही, हा त्यांच्या जीवनाचा निष्कर्ष होय.

दरबाराला आयुष्य मात्र थोडे लाभले. पुरी दोन वर्षेही झाली नाहीत तोच टिळकांची प्रकृती ढासळली, उपचारासाठी त्यांना मुंबईस नेण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांचे तेथे देहावसान झाले. संस्था त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभी होती; ती त्यांच्यामागे टिकली नाही. अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्या धर्मामुळे आपला संसार मोडला असे एके काळी वाटले, त्याच्याच संस्थापकाची गाथा ओवीबद्ध करण्यात या शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने आपली उत्तरायुष्यातील वर्षे वेचली.

टिळकांच्या विचाराचे बीज अन्यत्र रुजले. त्यांचे इंग्रज चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. एका बिशपचा मुलगा असलेले व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये त्याच संघात पुण्यास आले. पुढे गांधींच्या आणि आदिवासींच्या सहवासात ते चर्चपासून दूर गेले, आणि त्यांनीही आपला मार्ग स्वतःच शोधला. प्रत्यक्ष कॅथलिक चर्चने, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर आपण करीत नाही, असे व्हॅटिकन परिषदेतून जाहीर केले ते १९६५ साली. साताऱ्यातील एका निवृत्त पाळकाने तोच आशय आपल्या हिमतीवर आचरणात आणला त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षे लोटली होती.

संस्थेच्या यशापयशावरून टिळकांचे मोजमाप करणाऱ्याला दरबाराची कहाणी अपयशाचीच वाटेल. पण आजही कित्येक घरांत एकाच छपराखाली श्रद्धाळू आई, संशयी मुलगा आणि परधर्मातून आलेली सून नांदत असतात. त्यांच्यापुढचा प्रश्न कोणाचे तत्त्वज्ञान खरे हा नसून, संध्याकाळी एका पंगतीला कसे बसावे हा असतो. आगरकरांनी देव नाकारूनही यशोदाबाईंचे देवघर राखले. टिळकांनी देव बदलूनही लक्ष्मीबाईंची वेगळी चूल सोसली आणि पुढे तीच सहनशीलता एका दरबाराचा नियम म्हणून मांडली. सातारच्या मातीशी नाते असलेल्या या दोन विरुद्ध मतांच्या माणसांत एवढी गोष्ट समान होती, आणि महाराष्ट्राला त्यांच्यापासून घेण्यासारखी गोष्टही हीच आहे.