सावली मोजणारे आचार्य

भास्कराचार्यांचे नाव निघाले की लीलावतीच्या घटिकापात्रात अडकलेल्या मोत्याची कथा हमखास सांगितली जाते. ती पुढच्या काळातील दंतकथा. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला त्यांचे सावलीचे गणित अधिक मोलाचे वाटते. त्याला लागणारी काठी आणि ऊन आजही कोणाच्याही अंगणात मिळते.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यात दिशा, स्थळ व काळ हे तीन प्रश्न शंकूच्या सावलीवरून सोडविले आहेत. शंकू म्हणजे सपाट जमिनीवर उभी रोवलेली बारा अंगुळांची काठी. दिवस-रात्र समान असते त्या दिवशी तिची मध्यान्हीची सावली पाहिली की गावाचे अक्षांश कळतात. परळीत ती चार अंगुळांहून किंचित अधिक भरते. उत्तरेकडे जावे तशी वाढते. मेच्या मध्यास व जुलैअखेर सूर्य परळीच्या थेट माथ्यावर येतो, तेव्हा ती काठीच्या पायाशीच लपते.

सूर्य फार दूर असल्याने एका गावात सारख्या काठ्यांच्या सावल्या एकाच वेळी सारख्याच पडतात. दिव्याचे तसे नाही. 'लीलावती'तील छायाव्यवहारात त्याचेही गणित आहे. दिवा ३६ अंगुळे उंच आणि शंकू त्यापासून ४८ अंगुळांवर असेल, तर सावली २४ अंगुळे पडते. अंतर निम्मे केले की सावलीही निम्मी होते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ च्या सुमारास, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. मठातील अध्ययन केव्हाच थांबले.

ते पुन्हा सुरू करायला मठच हवा असे नाही. २३ सप्टेंबरच्या सुमारास आपले वर्ग चालू असतात. त्या दिवशी मैदानावर शंकू रोवून मध्यान्हीची सावली मोजावी, अशी माझी विद्यार्थीमित्रांना व प्राध्यापकांना विनंती आहे. परळीची चार अंगुळे आपण स्वतः मोजली, तर आचार्यांचे स्मरण केवळ एका मोत्यापुरते उरणार नाही.