हैबतरावबाबा आरफळकर : वारीचा कालक्रम रचणारा सैनिक

वारकरी संप्रदायाच्या अभ्यासात आतापर्यंत आपण प्रामुख्याने संतकवींचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात ज्यांचे चरित्र आपण पाहणार आहोत, त्यांची ख्याती कोणत्याही ग्रंथामुळे झालेली नाही. असे असताना साहित्याच्या अभ्यासक्रमात त्यांना स्थान का द्यावे, हा प्रश्न तुमच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे आणि तो तसाच उभा ठेवून तुम्ही पुढे वाचावे, अशी माझी अपेक्षा आहे. ज्ञानदेवांचे आणि तुकोबांचे अभंग आपण पुस्तकात वाचतो. ते पुस्तकात येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही चालणाऱ्या माणसांच्या मुखी राहिले. ही माणसे कोणत्या दिवशी निघतील, कोठे थांबतील, कोणाच्या मागे कोण चालेल आणि कोणत्या प्रहरी कोणता अभंग म्हणतील, हे ज्यांनी ठरवून दिले, ते हैबतरावबाबा होत.

हैबतराव पवार हे सातारा जिल्ह्यातील आरफळ या गावचे. हैबत हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा अर्थ धाक, दरारा असा होतो. मराठेशाहीतील सरदार घराण्यांत अशी नावे सर्रास आढळतात. तरुणपणी ते ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांच्या पदरी चाकरीस होते. शिंद्यांचे सैन्य म्हणजे त्या काळातील एक फिरते नगरच. हजारो माणसे, जनावरे, तंबू, धान्य आणि बाजारबुणगे यांच्यासह ते एका तळावरून दुसऱ्या तळावर जाई. पुढच्या मुक्कामी पाणी आहे की नाही, नदीला उतार कोठे आहे, मागे राहिलेल्यांसाठी किती वेळ थांबायचे, हे ठरविणे हा तेथील नित्याचा व्यवहार होता. हैबतरावांना हे शिक्षण आपोआप मिळाले असावे, असे मला वाटते.

यानंतरची कथा परंपरेने सांगितली जाते. आख्यायिका आणि इतिहास यांतील भेद तुम्ही मागील घटकात शिकला आहात. तो येथे ध्यानात ठेवावा. मिळविलेले धन घेऊन हैबतराव गावाकडे परतत असता सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांच्या टोळीने त्यांना पकडले आणि एका गुहेत कोंडून तोंडाशी शिळा लावली. तेथे त्यांनी हरिपाठाचा पाठ अखंड चालविला. त्याच सुमारास टोळीच्या नायकाला पुत्रलाभ झाला, त्याने आनंदाच्या भरात गुहा उघडविली आणि पाठात मग्न असलेल्या या कैद्याला सन्मानाने सोडून दिले. आपण वाचलो ते ज्ञानेश्वर माउलींच्या कृपेने, अशी हैबतरावांची धारणा झाली. ते आरफळला जाऊन स्थिरावले नाहीत. आळंदीस आले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी समाधीच्या सेवेत घालविले. कथेचा तपशील कोणी कसाही मानो, शिंदेशाहीतला एक शिपाई आळंदीत येऊन राहिला ही गोष्ट निर्विवाद आहे.

त्या काळी वारी नव्हती असे मात्र समजू नका. वारीची परंपरा ज्ञानदेवांच्याही आधीची मानली जाते. पालखीची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीस येत, तेथे ज्ञानदेवांच्या पादुका पालखीत ठेवीत आणि दोघांच्या नावाचा एकत्र जयघोष करीत पंढरपूरला जात. पुढे देहूकर घराण्यात पालखीच्या हक्कांवरून कलह उत्पन्न झाले. हैबतबाबांनी ज्ञानदेवांच्या पादुकांची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे नेण्याचे ठरविले आणि १८३२ पासून तो सोहळा सुरू झाला. या निर्णयाने दोन संतांच्या पालख्या वेगळ्या झाल्या, हे खरे. काहींना त्यात दुरावा दिसतो. माझ्या मते कलहाच्या छायेत खंडित होऊ शकली असती अशी एक वाट त्यामुळे दोन वाटांनी टिकली. जयघोषात मात्र दोन्ही नावे आजही एकत्रच आहेत.

आता नियोजनाकडे वळू. हैबतबाबांच्या चरित्राचा गाभा तोच आहे.

लांबच्या पायी यात्रेचे नियोजन करताना आपण सहसा निघण्याच्या दिवसापासून मोजणी करतो. वारीत मोजणी उलटी होते. पोहोचण्याची तिथी अचल आहे: आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरात असलेच पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी एकादशी. तेथून मागे येत येत ज्येष्ठ वद्य अष्टमी ही आळंदीहून प्रस्थानाची तिथी येते. वद्य अष्टमी ते अमावास्या सात तिथी आणि पुढे शुद्ध दशमीपर्यंत दहा, म्हणजे वाटेत सतरा रात्री. या सतरा रात्रींची आज रूढ असलेली वाटणी पाहा. आळंदीत एक, पुण्यात दोन, सासवडला दोन, जेजुरीस एक, वाल्ह्यास एक, लोणंदला दोन. आणि मग तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे एकेक मुक्काम. बेरीज करून पाहिलीत तर ती सतराच भरते.

यात एक अडचण आहे. तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्राच्या गतीप्रमाणे एक तिथी सुमारे एकोणीस ते सव्वीस तासांची असू शकते. त्यामुळे कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी होते. म्हणजे सतरा रात्री कधी सोळा होतात, कधी अठरा. चालण्याचे अंतर तर तेवढेच राहते. अशा वेळी रोजची मजल वाढवून किंवा कमी करून चालत नाही, कारण पुढची गावे स्वयंपाकाची, पाण्याची, जागेची तयारी ठरल्या क्रमाने करीत असतात. म्हणून कालगणनेतला हा कमीअधिकपणा बहुधा लोणंदसारख्या मोठ्या मुक्कामावर जिरविला जातो. तेथील वास्तव्य एक दिवसाचे होते किंवा अडीच दिवसांचे. पुढचा क्रम ढळत नाही. लवचीक काय ठेवायचे आणि ताठ काय, याचा इतका स्वच्छ विचार मला अन्यत्र क्वचितच दिसला आहे.

विश्रांतीच्या जागाही पाहण्यासारख्या आहेत. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढावा लागतो आणि ही वाटेतली सर्वांत मोठी मजल आहे. त्यात त्या दिवशी एकादशी, म्हणजे बहुतेकांना उपवास. घाटाच्या आधी पुण्यात एक पूर्ण दिवस मिळतो आणि घाटानंतर सासवडला एक. वृद्ध वारकरी मागे पडला तरी त्या दिवसात तो आपल्या दिंडीला येऊन मिळतो. नीरा ओलांडताना पादुकांना स्नान घातले जाते. १८३२ मध्ये नीरा ही केवळ नदी नव्हती. अलीकडे कंपनी सरकारचा अंमल, पलीकडे सातारच्या छत्रपतींचे राज्य आणि पुढे फलटणच्या निंबाळकरांचे संस्थान. एवढा मोठा जमाव निरनिराळ्या सत्तांच्या मुलखांतून दरवर्षी निर्वेध न्यायचा, तर येण्याजाण्याची तिथी सर्वांना आधीपासून ठाऊक असणे अगत्याचे होते.

साधनसामग्रीसाठी हैबतबाबांनी अंकलीच्या शितोळे सरकारांचे साह्य मिळविले. अंकली हे आज कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात कृष्णाकाठी आहे. घोडे, तंबू आणि नैवेद्य यांची सेवा शितोळे घराण्याने पत्करली. आजही सोहळ्याचे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात. वासकर, खंडोजीबाबा, शेडगे यांच्या सहकार्याने दिंड्या उभ्या राहिल्या. दिंडी हा सोहळ्याचा घटक. पुढे पताकाधारी, मग ओळीने टाळकरी, मध्ये मृदंग, मागे वीणेकरी आणि तुळस व पाण्याची घागर डोईवर घेतलेल्या स्त्रिया, असा तिचा क्रम असतो. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली. रथापुढे सत्तावीस आणि बाकीच्या रथामागे. आपला माणूस हजारोंत हरवला तर कोठे शोधायचा, याचे उत्तर या क्रमांकात आहे. पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याने सामान आवरायचे, दुसऱ्याने दिंडीत उभे राहायचे, तिसऱ्याने निघायचे. सायंकाळी तळावर समाज आरतीस सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदाराने दंड उंचावताच टाळमृदंग थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. तक्रारीचा निवाडा तेथेच होतो, हरवल्या-सापडल्याची घोषणा होते आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते.

भाषाशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. प्रस्थान, पादुका हे शब्द संस्कृत. विसावा हा आपला प्राकृतातून आलेला जुना शब्द. परंतु मुक्काम आणि मजल हे मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. चोपदार, निशाण, कर्णा हे फारसी. अश्वावरील स्वाराच्या हाती असतो तो जरीपटका, मराठ्यांच्या लष्कराचे मानचिन्ह. भक्तीचा आशय सांगणारी शब्दावली एका परंपरेतून आली आणि चालण्याची शब्दावली छावणीतून. हैबतबाबांच्या पूर्वायुष्याविषयी लिखित पुरावे थोडे असले, तरी ही शब्दकळा त्यांची साक्ष देते.

त्याच शिस्तीने त्यांनी भजनाचाही क्रम लावला. काकड्याचे, भूपाळीचे, गौळणीचे, वाराचे, हरिपाठाचे अभंग केव्हा आणि कोणत्या अनुक्रमाने म्हणायचे, हे ठरल्याने निरक्षर वारकऱ्यालाही शेकडो अभंग मुखोद्गत होऊ लागले. वाटेचे वेळापत्रक आणि अभंगांची अनुक्रमणी या दोन गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या. आरंभीचा प्रश्न आठवत असेल, तर त्याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

आरमोरी, वडसा, कुरखेडा या परिसरातून हा घटक वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. येथून आळंदी सुमारे साडेआठशे किलोमीटर. रोज वीस किलोमीटर चालले, तरी आळंदी गाठण्यासच सहा आठवडे लागतील. म्हणजे वैशाखाच्या उन्हात निघावे लागेल. पुन्हा आषाढ म्हणजे आपल्याकडे पऱ्हे टाकून रोवणीची वाट पाहण्याचा काळ. धानपिकाच्या शेतकऱ्याने त्या महिन्यात घर सोडणे कठीण. आपल्या भागाची मोठी यात्रा मार्कंड्याची. ती माघ वद्यात, महाशिवरात्रीला भरते. तेव्हा धान घरात आलेले असते, वैनगंगेचे पाणी उतरलेले असते आणि तीन-चार मजलांत मार्कंडा येते. प्रत्येक प्रदेशाची यात्रा तेथील पिकाकडे पाहून वेळ निवडते. तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना पूर्वी मार्कंड्याला पायी कसे जात, कोठे थांबत, शिदोरी काय नेत, हे विचारावे आणि झाडीबोलीतील त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत. या घटकाचा स्वाध्याय म्हणून ती टिपणे ग्राह्य धरली जातील.

हैबतबाबांना स्वतः आखलेली वारी फार वर्षे चालता आली नाही. १८३६ मध्ये आळंदीत त्यांचा देह पडला. समाधिमंदिराच्या महाद्वारातील पायरीशी त्यांची समाधी असून माउलींच्या दर्शनास जाणारा प्रत्येक जण तिच्याजवळूनच आत जातो. त्यांचे वंशज सोहळ्याचे मालक म्हणून ओळखले जातात आणि पालखीबरोबर चालतात. ज्ञानदेवांच्या संजीवन समाधीचा सोहळा दरवर्षी कार्तिक वद्य पक्षात होतो, त्याचा आरंभ हैबतबाबांच्या पायरीच्या पूजनाने होतो.